खाऱ्या पाण्याचे गिलास

आमच्या अकोल्याच्या घरात पाणी दोन प्रकारचं आहे. नळाचं गोडं पाणी रोज येत नाही. आलं की टाकं भरून घ्यायचं. बोअरचं खारं पाणी हवं तेव्हा, हवं तितकं. गोडं पाणी पिण्याला आणि वरणाच्या डाळीला. अंघोळ, कपडे, भांडी, फरशी, सगळं बोअरवर. हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे आणि तो मोडायचा विचार घरात कोणी केलेला नाही. त्यामुळे भांडी धुण्याचं मशीन घेतलं तेव्हा त्याची नळीही बोअरच्याच नळाला जोडली गेली.

मशीन घेतलं ते अमरावतीला बहिणीकडे पाहून. जेवणं झाल्यावर तिनं ताटं-वाट्या आत रचल्या, दार लावलं आणि आमच्यात येऊन बसली. चहाच्या वेळेला दार उघडलं तर आतून काचेचे गिलास असे निघाले की हातात घेतल्यावरच कळावं, इथे काच आहे. मी तिथेच ठरवलं. आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, तोट्या, फिल्टर, पंप. नवरा आणि मी दोघंही दिवसभर तिथेच असतो. भांडीवाल्या बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून दुकानातून आलं की ओट्याशी उभं राहायचं, ते मीच. भांडी घासायला मला आवडत नाही. कधीच आवडलं नाही आणि वयाबरोबर आवडायला लागेल असंही दिसत नव्हतं.

मशीन बसलं. बहिणीला फोन करून ती काय काय करते ते विचारलं आणि तसंच केलं. तीच पावडर, तेच बटण. ताटं छान निघाली. कुकरसुद्धा निघाला. गिलास मात्र पांढुरके निघाले, ताक पिऊन तसेच वाळत ठेवल्यासारखे.

सासूबाईंनी एक उचलून खिडकीशी धरला.

"हे धुतलेले हायेत का धुवाचे हायेत वं?"

"धुतलेले आहेत, आई."

"मंग धू."

सासूबाईंचं माहेर तेल्हाऱ्याच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. त्यांच्या लहानपणी गावातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. प्यायचं पाणी दुसऱ्या गावाहून यायचं. पाहुणा आला की ते गोडं पाणी त्याच्यापुढे ठेवायचं, आणि काचेच्याच गिलासात. कारण खाऱ्या पाण्याची सवय असलेल्या घरातला गिलास लपत नाही, वाळला की त्यावर पांढरी रेघ उमटते. पाहुणा पाणी पिण्याआधी ती रेघ पाहतो. मशीनमधून निघालेल्या गिलासात पाणी देणं म्हणजे सासूबाईंच्या हिशोबानं पाहुण्याला बोअरचं पाणी पाजल्याची दवंडी होती. त्या ते गिलास काढून घ्यायच्या, लिंबाच्या सालीनं घासायच्या, गोड्या पाण्यानं विसळायच्या आणि धोतराच्या फडक्यानं पुसायच्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे थोड्या वेळानं फडकं माझ्या हातात यायचं. म्हणजे मशीन घेऊन मी घरातलं काम वाढवून ठेवलं होतं.

एक दिवस त्यांनी निकालच दिला.

"येत्या रविवारी आपल्या घरी भिशी हाय. तवरीक गिलास साफ निघाले तं ठीक. नाई तं मशीन अमरावतीले देऊन टाकू, पोरीच्या इथं. तिच्याकडं धरणाचं पाणी हाय."

नवऱ्यानं मान हलवली. तो आईपुढे नेहमीच मान हलवतो. ती होकाराची आहे की नुसती हलवलेली, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता येत नाही. माझी नणंदही अमरावतीलाच असते; तिनं मात्र तिकडे ओट्याखालची जागा मोजूनही टाकली.

मशीन जाऊ द्यायचं नाही एवढं माझं ठरलं होतं. मी पावडर वाढवली. गिलास आणखी पांढरे. पावडर कमी केली, तर ताटांना वरण चिकटून राहिलं. गिलास आधी हातानं विसळून आत लावले. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आता मशीनले आपून मदत करून राह्यलो." शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, सॉल्ट टाकलंय का?"

"आमच्याकडे पाणीच खारं आहे," मी सांगितलं.

"ओके मॅडम," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाला गेली.

हे मला तेव्हा अगदी बिनतोड उत्तर वाटलं होतं. घरात सगळ्यांनाच वाटलं होतं. मशीनबरोबर जाड मिठाची एक पिशवी आली होती. पुस्तकात तिच्यासाठी मशीनच्या तळाशी एक झाकणही दाखवलं होतं. पण ज्या गावात लोक पाण्यातल्या मिठाच्या नावानं बोटं मोडतात, तिथे विकतचं मीठ आणून पाण्यात कोण घालेल? सासूबाई म्हणाल्या होत्या, "खाऱ्यात खार कावून?" नवऱ्यानं मान हलवली होती. थंडीत तुरीच्या शेंगा उकडताना ती पिशवी संपली. शेंगा चांगल्या झाल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी दुकानात एक शेतकरी आले. पिशवीतून नळीचा तुकडा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. तोट्या पांढऱ्या होऊन बुजल्या होत्या.

"वहिनी, पाणी चालूच हाय, अन झाडं वाळून राह्यली. नळी खराब देल्ली तुमी."

हे भाषण मी झोपेतही करू शकते. म्हटलं, "भाऊ, नळी चांगली आहे. तुमच्या पाण्यात चुना आहे. पाण्यात असतो तोवर दिसत नाही, पाणी वाळलं की मागे राहतो. रोज थोडा थोडा बसतो आणि..." आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्या पांढऱ्या तोटीकडे बघत होते आणि मला आमचे गिलास दिसत होते.

"अन काय?" ते म्हणाले.

"आणि आम्ल सोडून नळी धुवायची. थांबा, दाखवते."

तोटीवर आम्लाचा थेंब टाकला. फसफस झाली आणि पांढरं विरघळलं. हे मी हजारदा लोकांना दाखवलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते बघताना मजा आली. त्यांना बाटली दिली, नवऱ्याला म्हटलं दुकान सांभाळा, आणि गाडी काढून घरी आले.

दुकानातलं आम्ल जेवणाच्या भांड्यांना लावायचं नाही, तेवढं मला कळतं. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व होतं. पातेल्यात कोमट पाण्यात ते विरघळवलं आणि त्यात एक गिलास आडवा टाकला, अर्धा आत, अर्धा बाहेर. सासूबाई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं काढून विसळला. खालचा अर्धा गिलास दिसेनासा झाला होता, इतका स्वच्छ. वरचा अर्धा ताकातला. मधे सरळ रेघ.

"पहा, आई. काच खराब झालेली नाही. वर चुना बसलाय."

"हे तं मी लिंबानं रोजच काढून राह्यली," त्या म्हणाल्या.

खरं होतं. काढायला जमत होतं. बसू द्यायचं नाही, ते जमत नव्हतं. मी मशीनचं पुस्तक काढून ओट्यावर उघडलं आणि मिठाचं पान पहिल्यांदा नीट वाचलं. वाचता वाचता मला हसू यायला लागलं. ते मीठ भांड्यांना लागतच नाही. मशीनच्या पोटात बारीक मण्यांचा एक डबा असतो. पाणी आत येताना त्याच्यातून जातं आणि पाण्यातला चुना त्या मण्यांना धरतो. मणी भरले की मशीन मिठाचं पाणी सोडून त्यांना धुतं आणि तो चुना मोरीत जातो. आम्ही मीठच दिलं नव्हतं. मणी भरून बसले होते आणि सगळा चुना आमच्या गिलासांवर येत होता. वर त्या डब्याला पाणी किती जड, म्हणजे किती चुन्याचं, आहे तेही सांगावं लागतं. आमचं मशीन कारखान्यातून आलं तसंच मधल्या आकड्यावर होतं. अमरावतीच्या पाण्याला तो आकडा चालला असता. आमच्या बोअरला सगळ्यात वरचा लागत होता.

मीठ आणायला बाजारात गेले. चार दुकानं पालथी घातली. एकानं खडे मीठ दाखवलं, एकानं सैंधव. पुस्तकात लिहिलं होतं की जेवणातलं कुठलंच मीठ चालत नाही, त्यातल्या भेसळीनं मणी खराब होतात. बहिणीला फोन केला.

"माझी पिशवी तशीच पडली आहे, ताई," ती म्हणाली. "इथे ती लागतच नाही. पण तू तर म्हणाली होतीस तुमचं पाणी खारं आहे."

"म्हणूनच लागते. आजच्या बसनं पाठव."

"मशीन जाणार होतं ना तुझं?"

"तू पिशवी पाठव गं."

शनिवारी सकाळी स्टँडवरून पिशवी आणली. झाकण उघडून नरसाळ्यानं मीठ ओतलं तर आतलं पाणी वर आलं आणि मशीनच्या तळात सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "गेलं मशीन." पुस्तकात लिहिलेलं होतं, असं होतंच. आकडा सगळ्यात वर नेला. मशीनबरोबर आलेलं, भांड्यांना चमक येण्याचं निळं औषध मी सुगंधासाठी समजून कमी ठेवलं होतं, तेही वाढवलं. त्यानं पाणी थेंब धरून बसत नाही, पसरून खाली उतरतं. सगळे गिलास लिंबूसत्त्वात बुडवून आधी जुना चुना काढला. मग वरच्या जाळीत एकमेकांना टेकणार नाहीत असे लावले आणि मशीन सुरू केलं.

तो वेळ मी काहीच करू शकले नाही. फ्रिज उघडला, बंद केला. सासूबाई खुर्ची घेऊन स्वयंपाकघरातच बसल्या.

"हे मीठ गिलासाले लागत नाई म्हणते तू."

"नाही लागत."

"मशीनच्या पोटाले लागते."

"हो."

"म्हंजे काट्यानं काटा."

"तसंच, आई."

मशीन थांबलं. दार उघडून वाफ जाऊ दिली आणि पहिला गिलास काढला. साफ. दुसरा साफ. बुडाशी जिथे खोलगट भाग असतो तिथे थोडं पाणी साचून राहिलं होतं. मी ते बोटानं पुसलं आणि पुन्हा जाळी ओढून गिलास जरा तिरपे केले. परत मशीन लावलं. या वेळी बुडंही कोरडी निघाली. मी सगळे गिलास खिडकीत ओळीनं मांडले आणि मागचा लिंबाचा झाडोरा त्यातून बघत उभी राहिले. नवरा दुकानातून आला, त्यानं एक गिलास उचलला, त्यात पाहिलं आणि मान हलवली. या वेळची मला कळली.

सासूबाई म्हणाल्या, उद्याच्या भिशीला तेच ठेवू.

रविवारी बायका जमल्या. मी आत चिवड्याच्या प्लेटा भरत होते. पाण्याचा ट्रे सासूबाईंनी स्वतः नेला. भिशीतल्या एक बाई सगळ्यांच्या घरातलं सगळं निरखतात. त्यांनी गिलास उंच धरला.

"नवे घेतले का?"

"जुनेच हायेत. मशीननं धुतले."

"आमच्या भावजयीकडंबी मशीन हाय. तिचे तं पांढरे निघते."

"मीठ टाकत नसंन ते."

"खाऱ्या पाण्यात मीठ कावून टाकन, माय?"

"अवं, ते मीठ गिलासाले नाई लागत," सासूबाई म्हणाल्या, जणू जन्मभर हेच करत आल्या होत्या. "मशीनच्या पोटात मणी रायते. पाण्यातला चुना मणी धरते. मीठ मण्याले धुते. समजलं का?"

कोणाला समजलं ते माहीत नाही, पण गिलास मात्र हातोहात फिरला आणि प्रत्येकीनं तो उजेडाशी धरून पाहिला. मी चिवड्याची प्लेट हातात घेऊन दारात उभी होते.

बायका गेल्यावर सासूबाईंनी फोन घेतला आणि लेकीला लावला. पलीकडून ती बराच वेळ बोलली. ओट्याखालची जागा, प्लंबर कधी बोलवायचा, असं काहीतरी.

"नाई वं," सासूबाई म्हणाल्या. "मशीन इथंच रायन. तुया इथं गोडं पाणी हाय, तुले काय कमी हाय? हातानं घास."

फोन ठेवला आणि ट्रेमधले उष्टे गिलास घेऊन त्या मशीनकडे गेल्या. दार त्यांना उघडता येत नव्हतं. मी उघडून दिलं.