चिकाची रेघ

अकरा फेब्रुवारी. सकाळी केळीचे कपडे भिजत घालायचे होते. केळीचे कपडे म्हणजे नवऱ्याचे फक्त बागेत घालायचे शर्ट-पायजमे. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. दिसायला पाणीच, म्हणून अंगावर पडला तरी कळत नाही. संध्याकाळपर्यंत तपकिरी डाग उमटतो आणि साबण लावला की काळा, कायमचा होतो. माझं माहेर शिंदखेड्याकडचं, तिकडे कापूस. लग्न होऊन सावद्याला आले तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात नवऱ्याचा नवा शर्ट मी साबणाने घासघासून कामातून घालवला. तेव्हापासून या कपड्यांना नुसतं पाणी.

कपडे पिळताना डोक्यात एकच होतं. दुसऱ्या दिवशी जळगावला चित्र दाखवायचं होतं आणि माझ्याकडे चित्र नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी चित्रकलेच्या पदविकेला नाव घातलं होतं. वर्गातली मुलं मला काकू म्हणत, आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेले सर ताई म्हणत. त्यांनी विषय दिला होता, घालमेल. वस्तू हुबेहूब नको, तिच्यात जे चाललंय ते रेघेत आणा. त्यासाठी तीन संधी. पहिल्यांदा मी शिट्टीवर आलेला कुकर काढला, छायाप्रकाशासकट.

सर म्हणाले, "शिट्टी सुंदर काढलीय ताई. पण वाजत नाही."

दुसऱ्यांदा भुसावळच्या स्टँडवरची गर्दी काढली. त्यावर म्हणाले, "सगळे फारच शहाण्यासारखे उभे आहेत. यांची गाडी चुकणार नाही."

मुलं हसली, मीही हसले. मग सरांनी माझा रबर उचलून पाहिला. महिन्याभरात सुपारीएवढा उरला होता. "पुढच्या वेळी हा घरी ठेवा." मी तो खरंच घरी ठेवला आणि येताना स्टँडवर नवा घेतला. रेघ जरा वाकडी गेली की हात आपोआप रबराकडे जाई. घरातही माझं तसंच. ओट्यावर थेंब सांडला तर तो पुसल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

तिसरं चित्र नापास झालं तर वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. वर्ष पुन्हा करायचं नाही, हे मी नाव घालतानाच घरात सांगून टाकलं होतं. म्हणजे उद्या नाही जमलं, तर संपलं.

दहा वाजता बागेत चहा घेऊन गेले. त्या दिवशी कापणी होती. माणसं खांद्यावर घड घेऊन गाडीपर्यंत जवळजवळ पळत जात होती, रिकाम्या खांद्याने परत येत होती. कुणी क्षणभर थांबत नव्हतं. मी चहा ओतला. पिशवीतून वही काढली, एक खांदा काढला, खोडला. तोवर तो माणूस निघून गेला होता. दुसरा काढला, खोडला. बसवेना म्हणून उठले, उभं राहवेना म्हणून बसले.

नवरा ग्लास परत द्यायला आला. त्याच्या बाहीवर चिकाचे ओले थेंब होते. ते नीट बघण्याआधीच सवयीने मी म्हटलं, "बाही लांब धरा." आणि माझ्या मनात आलं, हा चीक पुसता येत नाही. आत्ता दिसतही नाही.

घरी जाऊन जुनी पांढरी चादर आणली. कापलेल्या दांड्यांखाली चहाचा डबा धरला. दांड्याचं एक टोक दगडाने चेचून त्याची कुंचली केली आणि चादर बांधावर पसरून माणसं जशी जातील तशी काढत सुटले. ओली रेघ घडीभर चमके, मग उन्हात वाळून नाहीशी होई. आधी कुठे काय काढलं ते कळत नव्हतं. हात थांबवायला कारणच उरलं नव्हतं.

एक हमाल वाकून बघत म्हणाला, "वहिनी, चादरीला पाणी पाजताय का?"

"उद्या सांगते," मी म्हटलं.

घरी माझी मोठी बहीण, अक्का, चार दिवसांसाठी आली होती. मी चादर दोरीवर घातली आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघू लागले.

"कोरी चादर वाये घाली आनि तिनाकडे काय देखी रायनी व?" अक्का आमच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली.

चित्र आहे, असं मी सांगितलं.

"कोठे शे? माले ते काईच दिसत नई." मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "बठ्ठं घर तुनं शे, पन तुले बसाले जागा नई." सगळं घर माझं, पण मलाच बसायला जागा नाही म्हणे.

संध्याकाळी चादरीवर फिक्या चहासारखं काहीतरी दिसू लागलं. चित्र की डाग, सांगता येईना. जेवताना मी दोनदा उठले. नवरा म्हणाला, "चीक त्याच्या वेळेनंच उमटतो. तू उभी राहून काय होणार?" बरोबर होतं, तरी तिसऱ्यांदा उठले.

सकाळी उजाडताच बाहेर गेले. रेघा तपकिरी झाल्या होत्या. एका माणसाला तीन पाय होते. दोघं एकमेकांतून आरपार गेले होते. एक घड खांद्याशिवायच हवेत चालला होता. चूक शोधायला गेले तर सगळीकडे चूक होती, आणि सगळी माणसं पळत होती. तो तिसरा पाय तेवढा काढून टाकावा, असं फार वाटलं. मी मोरीतून कपड्यांच्या साबणाची वडी आणली, चादर दगडावर पसरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळली. माझ्या त्या पहिल्या शर्टाची गोष्ट ठाऊक असलेली अक्का दारातून ओरडली, "आवं, पक्कं व्हई जाई ना ते!" मी चादर पिळली, ओलीच पिशवीत घातली आणि साडेसातच्या जळगाव गाडीला गेले.