लाल शाई मागे घेणारे सर

सरांची आणि माझी पहिली भेट नववीच्या वर्गात झाली आणि त्या भेटीत मी खोटं बोलले. घरी कोणती भाषा बोलता, असं सर एकेकाला विचारत होते. माझी पाळी आली तेव्हा 'मराठी' म्हणून मी मोकळी झाले. मी तांड्यावरची, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं, त्यामुळे मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर हसले नाहीत. "आन् याडीसंगं?" एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तो शब्द सरांच्या तोंडून ऐकून मी गडबडले आणि खरं काय ते सांगून टाकलं. "मंग तुले दोन भाषा येतात. तिसरी शिकणं तुलेच सोपं जाईन," असं म्हणून सर पुढच्या बाकाकडे वळले.

आदरणीय दिगंबरराव गावंडे सरांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. यावर खुद्द त्यांच्याखेरीज सगळ्यांचा विश्वास बसला आहे. बोरी अरबच्या परिसरातल्या दोन पिढ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवलं. सरांच्या इंग्रजीला वऱ्हाडी हेल आहे आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. बाहेरगावच्या एका साहेबांनी तपासणीच्या वेळी त्यावरून टोमणा मारला. तेव्हा सरांनी नम्रपणे सांगितलं, की ही भाषा साऱ्या जगाची झाली आहे, मग तिच्यात आमच्या गावाचाही थोडा वाटा असू द्या. साहेबांनी पुढचा वर्ग गाठला.

सरांना गाईडचा मनस्वी तिटकारा. कोणाच्या दप्तरात ते सापडलं तरी ते जप्त करत नसत. त्यातलं उत्तर उभं राहून मोठ्यानं वाचायला लावत, पुन्हा वाचायला लावत, वाचणारा स्वतःच कंटाळेपर्यंत. त्यांची स्वतःची रीत निराळी होती. कविता किंवा धडा संपला, की तो घरी जाऊन आपापल्या बोलीत सांगायचा आणि ऐकणाऱ्याला काय वाटलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणायचं. कोणाची आई भाकरी थापता थापता ऐकायची, कोणाचे आजोबा ऐकता ऐकता झोपी जायचे. 'आजोबा झोपले' असं लिहिलेलंसुद्धा सर आवडीनं वाचत आणि धडा त्या लायकीचाच होता, असा शेरा देत.

त्याच रीतीपायी दहावीच्या सहामाहीत माझ्यावर मोठा प्रसंग आला.

आम्हाला एक कविता होती. खेचरांवर मीठ लादून फिरणारा एक व्यापारी डोंगरातल्या गावी मुक्काम करतो, गावकऱ्यांना त्याचा लळा लागतो आणि सकाळी तो मागे वळूनही न पाहता निघून जातो. त्यानं मागे का पाहिलं नाही, असा प्रश्न पेपरात आला. तो निष्ठुर होता, त्याला फक्त आपला माल प्यारा होता, हे अपेक्षित उत्तर. मी मात्र याडीनं सांगितलेलं लिहिलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत. पुढे चालणारा माणूस थबकला, तर अख्खा तांडा थबकायचा. म्हणून ज्याचा जीव गुंतलेला असतो, त्यानं तर मागे पाहूच नये, असं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या उत्तरावर लाल रेघ होती. बाजूला शेरा होता, 'हे कवितेत नाही.' मी दोन गुणांनी नापास झाले होते.

आमच्या बांनी, म्हणजे वडिलांनी, आधीच बजावून ठेवलं होतं, की एका जरी विषयात गेलीस तर शाळा बंद. बा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून मी याडीबरोबर कापूस वेचायला जाऊ लागले. रडू येत होतं, पण सरांकडे जाऊन भांडावं असं काही मनात आलं नाही. सर चुकू शकतात, हेच मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सर सायकल हाकत तांड्यावर आले. मी शाळेत का येत नाही, एवढंच विचारायला ते आले होते. बांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि निर्णय सांगितला. सर समजावू लागले, बा नकाराची मान हलवत राहिले. तेवढ्यात दाराआडून याडी बोलली. परक्या पुरुषासमोर ती सहसा बोलत नसे.

"मीच सांगतलं होतं तिले, मांगं पाह्यलं का बैल थांबते. लादलेला बैल एकडाव बसला का उठत नाही. माह्यापायी पोरगी नापास झाली."

सरांनी माझ्याकडे पेपर मागितला आणि ते उत्तर पुन्हा वाचलं. एकदा मनात, मग बांसाठी मोठ्यानं, वाक्यावाक्याला वऱ्हाडीत सांगत. बा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे तं खरं हाये. मंग नापास कोन झालं, सर?"

"मी झालो," सर म्हणाले.

त्यांनी तिथेच लाल रेघेखाली पूर्ण गुण दिले आणि सही केली. निकाल लागल्यावर गुण बदलायचे म्हणून शाळेत कुरकुर झाली, तेव्हा चूक माझी आहे, असा लेखी अर्ज त्यांनी मुख्याध्यापकांना दिला. मग वर्गात उभं राहून, घरी विचारून या असं मीच सांगतो आणि घरचं उत्तर आलं तर मीच खोडतो, हे त्यांनी कबूल केलं. शिक्षकानं वर्गापुढे चूक मान्य केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्याच दिवशी मी पुन्हा बाकावर बसले होते.

आज मी उमरखेडला इंग्रजी शिकवते. पेपर तपासताना एखादं वेडंवाकडं उत्तर आलं, की माझा हात थांबतो. कधी कधी ते उत्तर खरोखरच चुकलेलं असतं, पण विचारल्याशिवाय मी खोडत नाही. सरांनी मला भाषा शिकवली, त्याहून मोठं म्हणजे हे थांबणं शिकवलं. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच आहेत आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तर ते चिडतील, म्हणून इथे लिहून ठेवते.

निवृत्तीनंतरही सरांच्या ओट्यावर रोज सकाळी दहावीच्या मुली बसतात. काकू सगळ्यांना चहा पाजतात आणि सरांना गुडघ्यांवरून रागावतात. सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि काकूंचं रागावणंही असंच चालू राहो.

हा लेख लिहिताना बा जवळच बसले होते. तुमच्याकडून सरांना काय लिहू, असं मी विचारलं. ज्यांनी माझी शाळा बंद केली होती, त्या बांनी जरा विचार करून निरोप दिला, "त्यायले म्हण, इतक्यात थकू नका. तांड्यावर अजून लय पोरी हायेत."