जायलोसीचा पंप आणि रस्त्यापलीकडचा देश

जायलोसी कासिंजा सायकली दुरुस्त करायचा, पण कुणी विचारलं तर आपण राजकारणात आहोत असं सांगायचा. दोन्ही खरं होतं. काम्पांडेच्या बाजारात, मोठ्या रस्त्याच्या कडेला, निलगिरीच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. एक बाकडं, पाण्याची परात, पंक्चरचं सामान आणि कमरेएवढा उंच लोखंडी पंप. त्याच झाडाच्या फांदीला पक्षाचा झेंडा बांधलेला असे. जुन्या रीतिरिवाजांचा कैवार घेणाऱ्या त्या पक्षाचा तो विभागातला अध्यक्ष होता.

काम्पांडेला रस्ता म्हणजेच सरहद्द. इकडची कड मलावीची, तिकडची मोझांबिकची. दोन्हीकडे चेवा लोक, भाषा एक, जेवणातला मक्याच्या पिठाचा न्सिमा एक, नातीगोतीही एकच. कोंबड्या, शेळ्या आणि लग्नाची वऱ्हाडं दिवसभर देश बदलत असतात आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

जायलोसीच्या मात्र यायचं. ज्या देशाला आपली कड कळत नाही, त्याला आपण कोण हेही कळत नाही, असं तो प्रत्येक भाषणात सांगायचा. राजधानीत, लिलोंग्वेत बसून मंत्री ठरवतात ते मोठं परराष्ट्र धोरण. छोटं धोरण सरहद्दीवरच्या माणसानं रोजच्या रोज पाळायचं असतं. त्याचं छोटं धोरण पंपाचं होतं. पंप रस्ता ओलांडणार नाही. पलीकडच्या माणसाचं चाक त्याच्या दारातच बसलं, तरी त्यानं सायकल ढकलत मलावीत आणायची, नीट विचारपूस करायची आणि मग हवा भरून घ्यायची. लोक आणायचेही. जाताना एखादा विचारायचा, "अध्यक्ष, ही मलावीची हवा तिकडे चालेल ना?"

"चालेल," जायलोसी गंभीरपणे सांगायचा. "पण जपून वापरा."

त्याच्या भाषणाचा दुसरा भाग आपण कोण याबद्दल असे. शहरातली पोरं स्वतःला बापाच्या गावची म्हणवतात, हे त्याला खपत नसे. चेवा माणूस आईच्या कुळाचा. बाप लग्न करून बायकोच्या गावी येतो, घर बांधतो, शेत नांगरतो, पण शेवटी तो पाहुणा. मुलं आईची आणि त्यांच्यावर हुकूम मामाचा. ही रीत ज्यानं सोडली त्यानं देश सोडला, असं म्हणून तो थांबायचा आणि टाळ्या पडायच्या. मामा लोकांच्या जरा जास्तच. तो स्वतः बायकोच्या, म्हणजे डेलिफाच्या गावी राहात होता आणि छपराचा पत्रासुद्धा तिच्या भावांना विचारून बदलत होता, त्यामुळे बोलतो तसा वागत नाही असं त्याला कुणी म्हणू शकत नव्हतं.

एक गोष्ट भाषणात येत नसे. त्याची आई रस्त्यापलीकडची, चिम्बाला गावची होती. तिकडच्या लढाईच्या वर्षांत ती लहानग्या जायलोसीला पाठीशी बांधून इकडे आली, लढाई संपल्यावर परत गेली आणि तिकडेच वारली. तोवर जायलोसी इकडे लग्न करून बसला होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. फक्त भाषणाचे दोन भाग आणि आपली आई या गोष्टी त्यानं कधी एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या.

त्या वर्षी कौन्सिलची निवडणूक होती. आपल्याला कुणीतरी एकदा 'कौन्सिलर' म्हणून हाक मारावी, ही जायलोसीची आयुष्यभराची हौस. पक्षाचे मोठे नेते गोंडवे लिलोंग्वेहून येणार, त्याचं भाषण ऐकणार आणि त्याला उमेदवार जाहीर करणार, असं ठरलं. डेलिफानं त्याचा कोट उन्हात टाकला. आरशासमोरचं भाषण ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. तो कुठे अडखळला की चुलीपासून ती पुढचं वाक्य सांगायची.

त्याच सुमारास पलीकडे त्याचा मामा वारला. म्हातारा चिम्बाला गावाचा प्रमुख होता. तिथे प्रमुखाला गावाचंच नाव मिळतं आणि ते नाव मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातं. भाचे दोनच. एक जायलोसी आणि दुसरा मसाउको, जो प्यायला की गावाची जमीन भेटेल त्याला देऊन टाकायचा. निवड कुळातल्या बायकांनी करायची होती. जायलोसी मामासाठी मनापासून रडला, माती देऊन परत आला आणि पुन्हा आरशासमोर उभा राहिला.

सभेच्या दिवशी झाडाखाली खूप गर्दी जमली. गोंडवे खुर्चीत बसले होते. जायलोसी भाषणाच्या सरहद्दीच्या भागातून आईच्या कुळाच्या भागात आला होता आणि आवाज चांगला लागला होता. तेवढ्यात पलीकडच्या कडेनं बायकांची रांग रस्त्यावर उतरली. एक लॉरी त्यांच्यासाठी थांबली. पुढे एलिनाती होती, जायलोसीच्या आईची धाकटी बहीण; रीतीप्रमाणे त्याची धाकटी आईच. बायका येऊन मंचासमोर जमिनीवर बसल्या आणि मान द्यायची पद्धत असते तशा हळू टाळ्या वाजवू लागल्या.

जायलोसीला वाटलं, भाषण आवडलं. तो वाक्य पुन्हा म्हणाला, "चेवा माणूस आईच्या कुळाचा."

"तेच म्हणतोय आम्ही," एलिनाती बसल्या जागेवरून म्हणाली. "म्हणून तुला न्यायला आलोय. आता चिम्बाला तूच. चल, मामाचं घर उघडं पडलंय."

सभेत कुजबुज झाली, मग कुठेतरी हसू फुटलं. जायलोसीनं कागदावर पाहिलं. मग गर्दीतल्या डेलिफाकडे पाहिलं. पण यापुढचं वाक्य तिलाही पाठ नव्हतं.

गोंडवे उत्तरेकडचे, तुम्बुका जमातीचे. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "अहो कासिंजा, घाबरता कशाला? आमच्याकडे मूल बापाचं असतं. तुमचे वडील इकडचेच ना, डेड्झाचे? मग तेवढं जाहीर सांगा आणि पुढे चला. परदेशातल्या गावाचा प्रमुख मला इथे उभा करता येणार नाही."

मार्ग सोपा होता. एक वाक्य म्हणायचं आणि कौन्सिलर व्हायचं. जायलोसी परत मंचावर आला. समोर मामा लोक बसले होते, ज्यांनी इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागे मसाउको सकाळीच प्यायलेला, झाडाला टेकून उभा होता आणि शेजाऱ्याला कसलीतरी जमीन हातवारे करून दाखवत होता.

"आम्ही वाट बघू का जाऊ?" एलिनातीनं विचारलं. "लोहाराच्या भात्यात वारा भरावा तसं इतकी वर्षं बोललास. आज एका शब्दाचं काम आहे."

जायलोसीनं कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. "माझे वडील चांगले माणूस होते," तो म्हणाला. "पण पाहुणे होते."

मग तो मंचावरून उतरला. जाताना त्यानं पंप उचलून खांद्यावर घेतला आणि बायकांच्या मागून रस्ता ओलांडला. पक्षानं त्याच संध्याकाळी एका बटाट्याच्या व्यापाऱ्याला उमेदवार केलं.

आता पलीकडच्या कडेला दुसऱ्या निलगिरीखाली तेच बाकडं आणि तीच परात आहे. पंपाचं धोरण बदललेलं नाही. पंप रस्ता ओलांडत नाही. काम्पांडेचे लोक चाक बसलं की सायकल ढकलत मोझांबिकमध्ये नेतात, आणि जायलोसी, म्हणजे आता चिम्बाला, त्यांना ऐकवतो की या मलावीवाल्यांना सरहद्दीची काही किंमतच नाही, उठले की आले. नवा कौन्सिलर बटाट्याची गाडी घेऊन दर आठवड्याला तिथे येतो. त्याला हे सगळं ऐकूनच हवा मिळते.

घर मात्र अजून डेलिफाचं आणि न्सिमा तिच्याच चुलीवर. दिवस मावळला की चिम्बाला हात धुऊन इकडे येतो. डेलिफा दारात आडवी उभी असते.

"कुठल्या देशाचे तुम्ही?" ती विचारते.

"पाहुणा आहे," तो म्हणतो.

"किती दिवस मुक्काम?"

"तुझे भाऊ ठेवतील तितके."

मग ती बाजूला होते.