शनिवारवाडा ते पर्वती, मधली वाट

आमच्याकडच्या माणसांनी पुणं पाहिलेलं नसतं, पुण्यातला दवाखाना पाहिलेला असतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, एवढ्यासाठी जायचं आणि मिळेल ती एसटी धरून परत यायचं. निमगाव केतकीतल्या आमच्या घरात तर पुण्यातली अंतरंसुद्धा दवाखान्यापासूनच मोजतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी जाहीर केलं, की आपण सगळे पुण्याला नुसतं बघायला जायचं. कुणी आजारी नसताना.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे पटायला दोन दिवस लागले. डाळिंबाची तोडणी उरकली होती, चारचाकी दारात उभी होती, तरी तो विचारत होता, "पण काम काय हाय तितं?"

याद्या करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी माल पाठवायच्या विभागात आहे. ट्रकमध्ये कुठला खोका आधी चढवायचा आणि कुठला नंतर, हे दिवसभर ठरवत बसायचं. तीच अक्कल मी पुण्याला लावली. फोनवर शोधून सतरा ठिकाणं काढली, आणि सुट्टीच्या दिवशी इंदापूरहून माहेरी जाऊन सगळ्यांना अंगणात बसवलं. सतरातली पाच-सहा निवडायची होती. प्रत्येकानं निदान एक तरी सांगायचं, हा माझा नियम.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, यादी ऐकूनही घेतली नाही. "शनवारवाडा. आन् पर्वती," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. दादानं सिंहगड सांगितला, तिथं पिठलं-भाकरी चांगली मिळते म्हणून. हा माणूस घरी पिठलं दिसलं की तोंड वाकडं करतो. मी लाल महाल आणि पाताळेश्वराची लेणी टाकली. राहिली आई.

"तुमी म्हणाल तितं," आई म्हणाली.

मला या वाक्याचा राग येतो, लहानपणापासून येतो. लुगड्याचा रंग कुठला, भाजी कुठली, देवाला कुठल्या जायचं, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. आईनं एकदा तरी "मला हे बघायचंय" असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. खरं सांगायचं तर ती सगळी सहल मी त्या एका वाक्यासाठी काढली होती.

मी हट्टाला पेटले. तिच्याशेजारी बसून एकेका ठिकाणाचे फोटो दाखवायला लागले. ती फोन लांब धरून नीट बघायची आणि भलतंच विचारायची. "हितं पाणी कुठल्या अंगाला हाय?" "दुपारची सावली पडती का?" "बसल्याव कोन उठवतं का?" मी मुकाट्यानं लिहून घेत होते. म्हाताऱ्या माणसाच्या सोयी, असं मी समजत होते.

मग तिनं विचारलं, "तितं ठोकल्याचा आवाज येतो का गं?"

"कसला ठोकल्याचा?"

"लई जणं मिळून ठोकत्यात, तसा."

"न्हाय गं. बांधकाम असलं तर तितं जायचंच न्हाय आपण," मी म्हणाले. आवाजानं तिचं डोकं धरतं, हे मला माहीत होतं.

"बरं," आई म्हणाली आणि फोन परत दिला.

पुढं सहलीत जे झालं ते कळायला आमचं आधीचं घर सांगावं लागेल. आता आमची बाग आहे, भाजीपाला आहे, पण मी चौथीत असेपर्यंत आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आई-आबा कळप घेऊन कोकणाकडे निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. दादा आणि मी शाळेसाठी चुलत्याकडे. त्या चालण्याची एक शिस्त होती. रोज सकाळी आबा आईला मुक्कामाचं ठिकाण सांगायचे, अमक्या गावाचा ओढा, तमक्या वडाखाली, बस्स. आबा मेंढरं घेऊन रानातून चारत चारत यायचे. आई घोड्यावर भांडीकुंडी, पाल, नुकती जन्मलेली कोकरं लादून सडकेनं पुढं जायची. आबा पोचेपर्यंत तिथं चूल पेटलेली असायची. मुक्काम आबा ठरवायचे आणि तिथपर्यंतची वाट आई शोधायची. दोघं एकत्र चालल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

गुरुवारी पहाटे निघालो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, झुणका, कांदे अशी पिशवी आईच्या मांडीवर. माझ्या मिस्टरांची शिफ्ट होती म्हणून ते आले नाहीत. आम्ही चौघंच. मी वाटेत यादी वाचून दाखवली: आधी शनिवारवाडा, मग लाल महाल, मग लेणी, जेवण पर्वतीच्या पायथ्याला, आणि शेवटी सिंहगड. शनिवारवाड्यासमोर उतरल्यावर आबांनी आईला सवयीनं पुन्हा सांगितलं, "जेवाण पर्वतीखाली."

"व्हय," आई म्हणाली.

दादा गाडी लावायला गेला, मी तिकिटांच्या रांगेत उभी राहिले, आबा त्या दरवाजावरचे लोखंडी खिळे बोटानं चाचपून बघायला लागले. तिकिटं घेऊन मागं वळले तर आई नव्हती. पिशवीही नव्हती.

आधी वाटलं, आत गेली असेल. आत गेलो. आबांनी हिरवळ बघून मान हलवली, म्हणाले, "एवढं चांगलं गवत, आन् एक मेंढरू न्हाय." दादा म्हणाला, "जोतीच हायत की नुसती. वाडा कुठाय?" एरवी मी हसले असते. कारंज्याच्या हौदाला एवढ्या तोट्या कशाला, पाणी कुठून आणलं असेल, हे मला बघायचं होतं, आठवडाभर मी त्याबद्दल वाचलं होतं. पण डोळे सगळे लुगड्यांवर. तिचा फोन गाडीच्या सीटवर पडलेला सापडला. दारावरच्या रखवालदाराला मी सांगितलं, हिरवं नऊवारी, हातात पिशवी. तो म्हणाला, "ताई, सकाळपासून अशा वीस गेल्या."

 दादा पोलिसांत जाऊ म्हणत होता. आबा मात्र शांत.

"गेली आसंल म्होरं," ते म्हणाले.

"म्होरं कुठं?"

"पर्वतीला. मी सांगितलं न्हवं का."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी ठिकाण सांगितलं, आईनं पिशवी उचलली आणि ती चालायला लागली. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली तरी त्यांचं ते चालूच होतं. मी आबांवर चिडले. हे काय रान आहे का, म्हटलं. एवढ्या गाड्या, एवढे रस्ते, ती हरवली म्हणजे?

"ती हरवायची न्हाय," आबा म्हणाले. "आजवर एक मुक्काम चुकली न्हाय ती."

लाल महाल राहिला, लेणी राहिली. गाडी काढून सरळ पर्वतीकडे गेलो. पायऱ्यांच्या अलीकडे उतरून सगळीकडे बघितलं. आई तिथं नव्हती.

दादा आल्या रस्त्यानं परत बघायला गेला. मी पायऱ्यांशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटले. आबा एका झाडाखाली गेले. पण बसले नाहीत. इकडं बघ, तिकडं बघ, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. माझ्या लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदा ते मुक्कामाला आईच्या आधी पोचले होते. चूल नाही, पाणी नाही, हाक मारायला कुणी नाही. थोड्या वेळानं ते खाली वाकले आणि हातानं पालापाचोळा बाजूला सारून चार माणसांपुरती जागा साफ करायला लागले.  मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच गेला.

तासाभरानं आई आली. एकटीच, रमतगमत, पदर खोचलेला, पिशवी खांद्याला. आम्हाला बघून थबकली.

"तुमी आदीच आला व्हय?" ती म्हणाली. "मला वाईच उशीर झाला."

वाईच. मला रडूही आलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. दादाला फोन करून बोलावून घेतलं. आई मात्र आबांनी साफ केलेली जागा बघत होती.  मग तिनं तिथं फडकं अंथरलं आणि भाकरी काढायला लागली. तेव्हा मला तिच्या तळहाताला लागलेला काळा डाग दिसला.

"ह्ये काय? पडलीस का कुठं?"

"न्हाय. ठोकलं."

आणि मग तिनं सांगितलं. भाकरी वाढता वाढता, सावकाश, मध्येच कांदा फोडून देत. मेंढरं पुण्यापाशी आली की आबा कळप शहराच्या बाहेरनं न्यायचे. आई घोडं घेऊन सकाळच्या वेळी नदीच्या अंगानं शहरातून जायची, जवळ पडायचं म्हणून. तिथं एका आळीतून आवाज यायचा. एक हातोडा नव्हे, पंचवीस-तीस हातोडे, कुणी जोरात, कुणी हळू, थांबायचंच नाही. घोडं बुजायचं. एकदा तर पाठीवरच्या कोकरांसकट उधळलं. तेव्हापासून ती आवाज कानावर आला की लगाम धरून दुसऱ्या रस्त्यानं वळायची. जाताना एकदा, येताना एकदा, दर वर्षी.

"एवढं ठोकत्यात तरी काय, ह्ये मनात ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली. "आज शनवारवाड्याम्होरं उतरले, तर वारा तिकडनं हुता. आला आवाज. जरा बारीक हाय आता, पण आला."

ती तांबट आळी. माझ्या सतरांच्या यादीत नव्हतीच. आई आवाजाच्या मागानं तिथं गेली आणि एका कारागिराच्या उंबऱ्याशी बसली. तांब्याच्या पत्र्याची घागर कशी होते ते तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. पत्रा तापवतात का, मऊ कसा पडतो, ठोक्यांच्या ओळी सरळ कशा येतात, सगळं विचारलं. त्यांनी चहा दिला. मग तिनं म्हटलं, मी दोन घाव घालू का? त्यांनी हातोडी हातात दिली.

"वाकडं पडलं माजं," आई म्हणाली. "पन त्यो म्हनला, ऱ्हाऊ द्या मावशी, तेवढं तसंच ठेवतो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई उंबऱ्याशी बसून इतके प्रश्न विचारते? आणि मी तिला विचारलं होतं, अंगणात बसवून, फोटो दाखवून. तिनंही मला विचारलं होतं, ठोकल्याचा आवाज येतो का म्हणून. मी बांधकाम समजले. मला माझीच लाज वाटली.

"आई, मग सांगायचंस ना, तितं जायचंय म्हणून."

"नाव कुठं ठावं हुतं मला त्या आळीचं. आन् वाटंतलं कोन इचारतं? मुक्काम इचारत्यात." तिनं चटणीचा डबा बंद केला. "थांबाय यायचं न्हाय तवा. आज घोडं न्हवतं."

जेवण झाल्यावर आबा पाणी प्यायले. त्यांनी तोंड पुसलं. "मी कवाच ऐकला न्हाय त्यो आवाज," ते म्हणाले. एकाच कोकणात दोघं दर वर्षी गेली आणि आली, पण आबांनी बघितलं ते सगळं रान, आणि आईनं बघितला सगळा रस्ता. मला आधी हे कधी सुचलंच नव्हतं.

मी यादी काढली. सिंहगडाला जायला अजून वेळ होता, लाल महालही होऊ शकला असता. दादा पिठल्याची आठवण करून देणार होता, पण त्यानं गाडीची किल्ली परत खिशात घातली. आबा आईकडे बघत म्हणाले, "आता कुठं?"

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आईनंही बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ती फडकं झटकता झटकता थांबली.

"मला ती आळी तुमाला दावायची हाय," ती म्हणाली.

आबा उठले, धोतर झटकलं आणि सवयीनं म्हणाले, "बरं. तू हो म्होरं, आमी येतो मागनं."

आई जागची हलली नाही. पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"म्होरं न्हाय जायाची मी," ती म्हणाली. "संगं चला."

आबा क्षणभर घोटाळले. मग त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं शेजारी शेजारी चालायला लागली. आबांना तिच्या पावलाशी पाऊल जुळवायला जड जात होतं. दादा आणि मी मागं राहिलो.