दांड्यांच्या मागे

शाळेत तीस वर्षं लहरींचा धडा शिकवल्यामुळे वायफायमधलं मला काहीही कळत नाही. हे मला माझ्या नातीच्या चौथ्या वाढदिवशी समजलं.

माझी मुलगी सुधा कॅनडात असते. तिच्या मीनूला आपली मराठी सगळी कळते, पण तोंडातून एक अक्षर काढायची नाही. (आमच्या तंजावुरात तरी कितीशी पोरं बोलतात म्हणा!) त्या संध्याकाळी मात्र ती व्हिडिओवर "आज्जी, मी पावडै घातली" असं म्हणणार होती. पावडै म्हणजे परकर. माझ्या बायकोनं, रुक्मानं, तो स्वतःच्या लग्नातल्या रेशमी साडीतून शिवून धाडला होता. ते एक वाक्य ऐकायला ही दुपारपासून मोगरा माळून बसलेली!

सहाला व्हिडिओ लागला. मीनूचं अर्धं नाक आणि परकराचा जरीकाठ दिसला, आणि चित्र गोठलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिग्नलची एकच दांडी.

"राजांच्या वेळच्या भिंती! हातभर जाड. लहर अडते," मी म्हणालो. "लॅपटॉप हलवायला हवा."

"काशाला हलवतां? येईल पोर परत."

ऐकलं तर मी मास्तर कसला! स्वयंपाकघरात दोन दांड्या. झोपाळ्यावर तीन, पण झोका मागे गेला की एक! शेवटी लॅपटॉप डोक्यावर धरून मी पुढे, आणि दांड्या मोजत ही मागे.

"तीन! अय्यो, दोन! अहो, वेष्टी सुटली!"

"धोतर मरू दे! दांड्या बोल!"

मग वायफायच्या डबीखालीच तांदळाच्या पिंपावर चढलो. चार दांड्या, पूर्ण! आणि मीनूचं नाक तसंच अर्धं. दांड्या हजर, इंटरनेटची दांडी! तेवढ्यात पिंपाचं झाकण सरकलं आणि माझा पाय गुडघाभर तांदळात गेला.

"अडे मेल्या, कोठें गेलास रे?" मी सिग्नलवर ओरडलो.

"राहूं द्या," ही हळूच म्हणाली. "तिची शाळेची वेळ झाली असेल." आणि केसांतला मोगरा काढायला लागली. एक पाय तांदळात तसाच ठेवून मी लॅपटॉप आणखी वर धरला. फार वाईट वाटलं.

इतक्यात हिचा मोबाइल वाजला. सुधा! हसून हसून तिला बोलता येईना. "अप्पा, तुमचं सगळं इकडे दिसत होतं! वेष्टीसकट! इकडचंच तिकडे येत नव्हतं. आता ही बघा!"

मोबाइलवर मीनू दिसली. अंगात परकर, डोक्यावर जेवणाची थाळी. ती घरभर फिरत ओरडत होती, "अडे मेल्या, कोठें गेलास रे?"

अस्सल आमच्या गल्लीचा हेल! ही हसत होती, डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "परत म्हण, कण्णा! परत एकदा म्हण!"

आता नवी डबी आलीय. घरात कुठेही बसा, चार दांड्या. तरी दर रविवारी सहाला मी लॅपटॉप डोक्यावर घेऊन शिव्या देत घरभर फिरतो. मी खाली बसलो की पोर इंग्रजीत बोलायला लागते!