शैलाकाकूंचा वाळूतला ट्रक

शैलाकाकू माणसाचा चेहरा पाहायच्या आधी त्याचे टायर पाहत. तुम्ही त्यांच्या दारात गाडी लावलीत, उतरलात, हसून नमस्कार केलात, तरी काकूंची नजर तुमच्या गुडघ्यांच्या खाली, पुढच्या चाकावर. "डावा आतून झिजून राहिला तुझा," हे त्यांचं 'या, बसा'. वाळवंटातल्या फिनिक्सच्या आमच्या मराठी गोतावळ्यातल्या निम्म्या लोकांना काकू नावानं ओळखतच नसत. कुणी 'कमी हवेवाला', कुणी 'ब्रेक किंचाळणारी'. मी 'गुळगुळीत टायरवाला मंग्या' होतो. पुढे मी चारही टायर नवे टाकले, पावती नेऊन दाखवली, तरी पदवी काही सुटली नाही.

माझी पहिली भेट तर त्यांच्या पायांशी झाली. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो होतो. गॅरेजसमोर मातकट रंगाचा एक जुना पिकअप ट्रक उभा. इतका उंच, की शेजाऱ्याची गाडी त्याच्या सावलीत येऊन गार होत होती. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्याला विचारा. त्या ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत गुलाबी मोजे. मी खाकरलो. आतून एक तेलकट हात बाहेर आला.

"चौदा-पंधराचा पाना दे."

माझ्या हातात डबाच होता. मी डबा दिला. हात डब्यासकट आत गेला. झाकण निघाल्याचा आवाज. मग चावल्याचा आवाज.

"गूळ छान आहे," ट्रकखालून आवाज आला. "पाना कुठं आहे?"

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्या आणि मोटारींच्या स्प्रिंगा नि शॉक अॅब्सॉर्बर डिझाइन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून खातं. "तीस वर्षं मी गंज पाहिला बाप्पा," काकू म्हणत. "एकही बोल्ट सरळ निघाला नाही." काका गेले, आणि तेराव्याचे दिवस पुरे व्हायच्या आत काकूंनी जिथं गंज चढत नाही अशा गावाची चौकशी सुरू केली. लोक उतारवयात देवळाजवळ घर शोधतात, यांनी कोरड्या हवेत गॅरेज शोधलं.

आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नाही. जूनमध्ये आमचे कावळे चालत जातात, कारण उडालं की सूर्याच्या जवळ जायला होतं. हे मी काकूंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हे काय ऊन आहे? एवढ्यात तर आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त निघतात."

त्या ट्रकमध्ये मूळचं किती उरलं होतं, हा वादाचा विषय होता. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा काकूंनी स्वतः मापं काढून बनवून घेतल्या. पुढे माझ्या मांडीएवढे जाड शॉक बसवले. इंजिनाच्या पोटाखाली पोलादी पत्रा. हवा घ्यायची नळी बॉनेटमधून काढून थेट टपाच्या उंचीला नेलेली, म्हणजे खालची धूळ इंजिनात जायला नको. ट्रक कायम पोहायला निघाल्यासारखा नाक वर काढून उभा. मागे पाण्याचे कॅन, रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दोन लांब फळ्या, हवा भरायचा पंप, आणि स्टीलचा एक डबा. त्यात ग्रीस असेल असं समजून मी एकदा बोट घातलं. ते लिंबाचं लोणचं होतं. शेजारच्या तशाच डब्यात ग्रीस होतं, हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते विचारू नका.

वाळवंटातनं भटकून आलं की ट्रक आधी धुवायचा, मग स्वतः अंघोळ करायची, हा त्यांचा नेम. ब्रेकच्या फटीतली वाळू पाण्यानं काढायची, प्रत्येक सांध्यात जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, रबरी टोपणांना चीर पडली आहे का ते बोटांनी चाचपायचं. "डोळा फसतो, बोट फसत नाही." वाळूत शिरायच्या आधी चारही टायरची निम्मी हवा सोडायची. मी म्हटलं, काकू, पंक्चर मुद्दाम करायचं? "अरे, वाळूवर टायरनं पोट सोडून बसलं पाहिजे, पंगतीत बसतात तसं. ताठ बसला की रुतलाच." आमच्यातल्या एका पोरानं नवाकोरा ट्रक घेऊन शिडी लावून चढावं लागेल इतका उचलून आणला. काकूंनी त्या ट्रकला एक प्रदक्षिणा घातली. "उंची छान वाढवली," म्हणाल्या, "अक्कल खालीच राहिली वाटते." त्यानंतर तो पोरगा दर शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला.

काकूंचा मुलगा समीर कायम पाऊस पडणाऱ्या रेडमंडला. सॉफ्टवेअरवाला, मिशिगनमध्ये जन्मलेला, मराठी समजतं पण उत्तर निम्मं इंग्रजीतून. त्याचा जीव आईवर, आणि आईचा ट्रक त्याच्या जिवावर. मागच्या उन्हाळ्यात काकू एकट्याच वाळवंटात गेल्या आणि दिवसभर फोन लागेना. समीरनं मला इतके फोन केले की माझी बॅटरी संपली, बायकोची संपली, शेवटी शेजाऱ्याचा फोन वापरला. संध्याकाळी काकू परत आल्या. कुठल्याशा कपारीच्या सावलीत उपमा करून खाल्ला होता, आणि झोप लागली होती.

"आई, यू आर सेव्हंटी," समीर फोनवर ओरडला.

"मग? सत्तरीत झोप लागली, नशीब समज. लोकांना लागत नाही."

पण तो दसऱ्याच्या आदल्या रात्री हजर झाला, आणि जेवता जेवता माझ्यासमोरच त्यानं अट घातली. "वन ट्रिप, आई. मी येतो सोबत. ट्रकला काही झालं नाही, तर मी पुन्हा बोलणार नाही. नेव्हर. पण काही झालं, एनीथिंग, तर ट्रक विकायचा आणि माझ्याकडे यायचं."

"रेडमंडला? तिथं तर माणसाला शेवाळ येते."

"आई. डील?"

काकूंनी ताटातला शेवटचा घास संपवला. "डील."

काकूंच्या दसऱ्याची रीत ठरलेली. ट्रकच्या मागच्या फळीवर सगळे पाने, हातोडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, चाकांखाली लिंबं. समोरच्या जाळीवर झेंडूचा हार चढवायचा, नमस्कार झाला की लगेच काढून आत आरशाला टांगायचा. कारण जाळीमागे रेडिएटर असतो, आणि तिथनं वारा आत गेला तरच इंजिन थंड राहतं. दरवर्षी हे सगळं काकू एकट्या करत.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी आम्ही अंगणात आलो तर हार आधीच चढलेला. हार कसला, पडदाच! समीरनं भल्या सकाळी उठून भारतीय दुकान उघडायला लावून तिथला सगळा झेंडू उचलून आणला होता. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत जाळी गच्च. ट्रक मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. समीर बाजूला उभा, बोटं पिवळी झालेली. "नीट आहे ना, आई?"

काकूंनी हार या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "एक नंबर."

निघताना मी हळूच विचारलं, "काकू, हार?"

"राहू दे."

"पण काकू, तुम्हीच तर..."

"पोरानं बांधला आहे, मंग्या. राहू दे."

हायवे सोडला, हवा सोडली, वाळूत शिरलो. कोरड्या नदीच्या पात्रातून काकू ट्रक असा नेत होत्या, जशी कुणी तव्यावरून पोळी सरकवावी. समीरसुद्धा हसायला लागला होता. मऊ वाळूत वेग कमी, इंजिनाला जोर जास्त, आणि ऑक्टोबर असला तरी आमच्याकडचा ऑक्टोबर. थोड्या वेळानं मी पाहिलं, तापमानाचा काटा वर चढत होता. काकूंनी माझ्याही आधी पाहिला होता. त्यांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता ओढून घ्यायचा तो उपाय आहे म्हणे. वाळवंटात भरदुपारी हीटर लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तो मी. माझ्या चष्म्याच्या काड्या मऊ होऊन कानांवरून खाली ओघळल्या. काटा तरी उतरेना. शेवटी काकूंनी ट्रकचं तोंड वाऱ्याकडे करून इंजिन बंद केलं.

समीरनं आधी स्वतःची पाण्याची बाटली आईच्या हातात दिली. मग अगदी हळू, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं म्हणाला, "आई, वी हॅड अ डील."

"हो रे. तू त्या टेकाडावर जाऊन फोन लागते का पाहा."

त्या टेकाडावर फोन लागत नाही, हे काकूंना पक्कं माहीत होतं. तो पाठमोरा झाल्याबरोबर त्यांनी हार सोडला, नीट घडी करून आतल्या सीटवर ठेवला. इंजिन गार होऊ दिलं आणि मग बॉनेट उचललं. मी वाकून पाहिलं. पंख्यानं ओढलेल्या पाकळ्या रेडिएटरच्या बारीक फटींत खच्चून बसल्या होत्या. उकडलेल्या झेंडूचा वास येत होता. ट्रकचा दोष काडीचाही नव्हता.

"काकू!" मी ओरडलोच. "बोलवा त्याला! दाखवा! डीलबील काही नाही, हा तर हारामुळे..."

"आवाज कमी."

त्या एकेक पाकळी चिमटीनं काढून शर्टाच्या खिशात भरत होत्या.

"ट्रॉयला दर दसऱ्याला मी एकटीच हार बांधत होती. हा पडद्याआडून पाहायचा. मित्र पाहतील म्हणून लाज वाटायची त्याला. आज आपणहून उठला, आपणहून आणला." त्यांनी फटीत फुंकर घातली. "त्याला कळलं तर तो जन्मात पुन्हा फुलाला हात लावणार नाही."

"पण ट्रक जाईल, काकू."

"जाईल."

"आणि तुम्ही?"

"मीही जाईन. हे तुझ्या पोटात राहिलं पाहिजे, मंग्या."

"माझ्या पोटात आजवर काय राहिलंय?"

"म्हणून तर तुला सांगून राहिली. तू बोललास तरी लोक म्हणतील, फेकून राहिला."

समीर धापा टाकत परत आला. फोन लागला नव्हता. "काय झालं होतं? आणि हार का काढला?"

"फुलं करपून राहिली होती," काकू म्हणाल्या. "आणि गाडी जुनी झाली रे आता. चल."

परतीच्या वाटेवर तो काटा जागचा हलला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. इतका वेळ मी गप्प बसलेला पाहून समीरनं दोनदा विचारलं, बरं आहे ना.

ट्रक घ्यायला उंच टोपीवाला एक माणूस आला. अर्ध्या तासात बघून जातो म्हणाला होता. काकूंनी त्याला दिवसभर ठेवून घेतलं, प्रत्येक सांध्यात ग्रीस भरून घेतलं, हवा सोडून घेतली, भरून घेतली, जेवायला वाढलं. जाताना तो 'येस मॅम' शिवाय दुसरा शब्द विसरला होता. ट्रक वळणावर दिसेनासा झाला. काकू म्हणाल्या, "क्लच हळू सोडते. बरा माणूस आहे." आणि आत जाऊन त्यांनी भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

आता त्या रेडमंडला असतात. मी हे सगळं मुद्दाम मराठीत लिहितोय. समीरला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. आणि कुणी वाचून दाखवलंच, तर मी फेकतो हे त्याला माहीत आहेच.

यंदाच्या दसऱ्याला काकूंचा फोन आला. मागे पाऊस वाजत होता.

"मंग्या, समीरनं हार आणला. कालच आणून ठेवला, फ्रिजमध्ये. आता बाहेर छत्री धरून बांधून राहिला."

"कशाला बांधतोय?"

"त्याच्या गाडीला. बॅटरीवरची आहे नं, तिच्या तोंडाला जाळीच नाही. सपाट." मग खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि फोन तसाच हातात ठेवून त्या खाली ओरडल्या, "समीर! अजून एक बांध रे! लागेल तेवढा बांध!"