बिनमिठाचे पाव

पहाटेच्या अंधारात मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रक उभा होता. मायनं भाकरीचं फडकं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "बापाला सांगून तर जा रं." मी न सांगताच चढलो.

गावाकडच्यांना कारण ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांच्यासाठी सांगतो. एका दुपारी मी मोबाईल बघत बसलो आणि मेंढरं कोवळ्या ज्वारीत शिरली. पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी म्हणजे जनावराला विष. आमच्यात शेंबडं पोरगंही हे जाणतं. अकरा मेंढरं पाय झाडत गेली. माझे वडील, अप्पा, एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी राहिलो असतो.

आता सहा वर्षं झाली, गोव्यात बेकरीत पाव भाजतो. आठवीतून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला बेकरीच्या मालकिणीनं, रोझाबायनं, भट्टीपाशी उभं केलं, मागची खोली दिली. तिचे उपकार मोठे. फोनवर मायशी बोलायचो. मागं अप्पांचा खोकला ऐकू आला की कट करायचो.

यंदा इथल्या गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, मी पिठात मीठच घालायचं विसरलो. सगळ्या वस्तीनं बिनमिठाचे उंडे, इथले गोल पाव, खाल्ले. पाद्री येऊन विचारून गेले, "रोझा, डॉक्टरनं सगळ्यांचंच मीठ बंद केलं काय?" रोझाबाय आधी भडकली, मग पोट धरून हसली. म्हणाली, "जा, माफ केलं."

माझा जीव कुठं राहतो! दुसऱ्या दिवशी परत माफी मागितली. तिसऱ्याही दिवशी. चौथ्या दिवशी तिनं लाटणं उगारलं. "कितें रे? एकदा माफ म्हटलं ना? परत मागतोस म्हणजे माझा शब्द खोटा?"

"पण बाय, शिक्षा न देता माफ कसं होतं?"

ती भिंतीवरच्या क्रुसाकडं बघत म्हणाली, "त्याला खिळे ठोकले, तर त्यानं ठोकणाऱ्यांसाठीच बापाकडे माफी मागितली. त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती. आणि तू मिठासाठी रडतोस! माफी कमवायची नसते बाबा. फुकट असते. पण घ्यायला समोर यावं लागतं."

मला एकदम अप्पांचा खोकला आठवला. मी मेंढरांचं सगळं सांगून टाकलं. तिनं माझा फोन माझ्याच हातात दिला. "लाव."

अप्पांनीच उचलला. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अप्पा, मेंढरांचं माफ करा."

आधी खोकला आला. मग म्हणाले, "मेंढरांचं त्याच दिशी सोडलं बे. तुला सांगाया सकाळी उठलो, तर तू गेलता."

मी रडायला लागलो.

"रडतू कावून? आजून पुरतं माफ न्हाई केलं. न सांगता गेलास, त्येचं बाकी हाय. ती माफी फोनवर भेटत न्हाई. हितं ये."

मागून मायचं लई हसणं ऐकू आलं.

सहा वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपला गुन्हा वाट बघतोय ती जागा. तिथं तर माझ्या वाट्याची माफी झाकून ठेवलेली होती, उशिरा येणाऱ्याच्या भाकरीसारखी.

उद्या निघतोय. रोझाबायला सांगून. पिशवीत तीन डझन उंडे आहेत, मीठ दोनदा चाखलंय. तरी अप्पा पहिला घास घेऊन म्हणणारच, "मीठ कमी हाय बे."